पक्ष्यांचे पंक्तिबद्ध उड्डाण : उपपत्तींचा इतिहास

एकाच दिशेने जाणाऱ्या पक्ष्यांनी परस्परांतील अंतर व कोन बऱ्याच अंशी कायम राखून केलेल्या सामूहिक उड्डाणास पंक्तिबद्ध उड्डाण म्हणतात. असे पक्षी कधी सरळ ओळीने, कधी एका बाजूस कललेल्या तिरप्या रांगेत, तर कधी बाणाच्या टोकासारख्या द्विभुज आकृतीत उडताना दिसतात. हंस, कादंब, करकोचे, रोहित, झोळीवाले, शराटी, पाणकावळे व बगळे हे अशा उड्डाणाबद्दल प्रसिद्ध आहेत. मैना, भोरड्या, कबुतरे इत्यादी पक्षीही थव्याने उडतात. परंतु त्यांच्या थव्याला ठरावीक भुजा नसतात. अमेरिकन प्राणिवैज्ञानिक फ्रँक हेपनर यांनी १९७४ मध्ये सामूहिक उड्डाणाचे रेषारचना व पुंजरचना असे दोन मुख्य वर्ग केले. ही विभागणी आजही सोयीची मानली जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे रेषारचनेचा व तिच्या कारणांविषयी वेळोवेळी मांडल्या गेलेल्या विचारांचा परामर्श घेतला आहे.

महाराष्ट्रातील आढळ : हे दृश्य पाहण्यासाठी दूरदेशी जावे लागत नाही. कोल्हापूर शहराच्या आग्नेय बाजूस करवीर तालुक्यात असलेल्या गडमुडशिंगीसारख्या गावाच्या परिसरात उसाची व भाताची शेते, ओढे, विहिरी आणि जुनी मोठी झाडे यांमुळे पाणथळ व शेतजमिनीवरील पक्ष्यांना भरपूर अन्न मिळते. पंचगंगेच्या खोऱ्यात सर्वत्र आढळणारे गायबगळे दिवसभर गुरांच्या मागे किंवा नांगराच्या तासात कीटक टिपतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास ओळी करून रातथाऱ्याच्या झाडांकडे परततात. छोटे पाणकावळे पाण्यालगत खालून, तर काळे शराटी त्यांच्यापेक्षा उंचावरून तिरप्या रांगेत जातात. कोल्हापुरातील रंकाळा व कळंबा या तलावांवरही संध्याकाळी अशा रांगा दिसतात. हिवाळ्यात उजनी, जायकवाडी व नांदूर मध्यमेश्वर या जलाशयांवर मध्य आशियातून येणारे पट्टकादंब हे महाराष्ट्रातील पंक्तिबद्ध उड्डाणाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. उजनीच्या फुगवट्यावर व ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांच्या लांबच लांब ओळी आढळतात.

प्राचीन वाङ्‌मयातील उल्लेख : भारतीय वाङ्‌मयात पक्ष्यांच्या पंक्तीचे निरीक्षण फार जुने आहे. पावसाळ्याच्या आरंभी आकाशात माळेसारख्या उडणाऱ्या बलाका हा संस्कृत काव्यातील एक रूढ संकेत असून कालिदासाच्या मेघदूतात तो आलेला आहे. या काव्याचा आरंभ ज्या रामगिरीवर होतो, तो सामान्यतः विदर्भातील रामटेक मानला जातो. त्याच काव्यात मानस सरोवराकडे जाणाऱ्या हंसांचा आणि ते ज्यातून हिमालय ओलांडतात त्या क्रौंचरंध्र नावाच्या खिंडीचा उल्लेख आहे. पक्षी ठरावीक ऋतूत ठरावीक मार्गाने पर्वत ओलांडतात, ही माहिती त्या काळी लोकांना होती, असे यावरून दिसते. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती या हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संग्रहात आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या ओळीला रत्नहाराची उपमा दिलेली आढळते. महाभारताच्या भीष्मपर्वात क्रौंच पक्ष्याच्या नावाच्या सैन्यव्यूहाचे वर्णन आहे. तथापि त्या व्यूहात चोच, मान व पंख असे एकाच पक्ष्याचे शरीर कल्पिलेले असून क्रौंचांच्या थव्याची आकृती त्यास आधारभूत नाही.

मराठी लोकजीवनातही बगळ्यांच्या ओळीला स्थान आहे. डोक्यावरून थवा जाताना खेड्यातील मुले नखावर नख घाशीत बगळ्यांकडे कवडी मागत आणि नखावर दिसणारा पांढरा ठिपका ही बगळ्याने दिलेली कवडी समजत. या सर्व उल्लेखांत आकृतीचे सौंदर्य व तिचा ऋतूशी असलेला संबंध टिपलेला आहे. पक्षी ओळीने का उडतात, हा प्रश्न मात्र त्यांत आलेला नाही.

हा प्रश्न पश्चिमेकडील प्राचीन लेखकांनी विचारला. रोमन वक्ता व तत्त्वज्ञ सिसरो याने इ. स. पू. ४५ मध्ये लिहिलेल्या देवांच्या स्वरूपाविषयीच्या ग्रंथात समुद्र ओलांडणाऱ्या करकोच्यांच्या त्रिकोणी रचनेचे वर्णन केले असून त्या निरीक्षणाचे श्रेय ॲरिस्टॉटलला दिले आहे. त्रिकोणाच्या अग्राने हवा दुभंगते, मागील पक्षी पुढच्यांच्या अंगावर मान टेकवितात आणि अग्रणी थकला म्हणजे तो मागे येऊन दुसरा त्याची जागा घेतो, असे त्याने म्हटले आहे. इ. स. पहिल्या शतकात प्लिनी याने हंसांच्या रचनेची तुलना वेगवान गलबतांच्या नाळेशी केली. मान टेकविण्याची गोष्ट काल्पनिक आहे. हवा दुभंगण्याची कल्पनाही बरोबर नाही; कारण थव्यातील पक्षी परस्परांपासून सुटे असल्याने त्यांची मिळून एक अखंड पाचर होत नाही. तथापि अग्रणी बदलतो हे निरीक्षण अचूक होते आणि त्याचे महत्त्व पुढे दोन हजार वर्षांनी स्पष्ट झाले.

वायुगतिकीय उपपत्तीचा उदय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा छायाचित्रक तयार करून उडत्या पक्ष्यांची लागोपाठ चित्रे घेतली. त्यांचा पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. पंखांची हालचाल अशा रीतीने मोजमापाच्या कक्षेत आली, तरी पंखांभोवतीच्या हवेचे काय होते हे समजण्यास विमानविद्येच्या प्रगतीची वाट पाहावी लागली. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०७ मध्ये पंखांच्या टोकांपासून निघणाऱ्या आवर्तांची कल्पना मांडली आणि जर्मनीतील गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल व त्यांचे सहकारी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तिला गणिती स्वरूप दिले.

या सिद्धांताचे सार असे सांगता येईल : पंखामुळे वजन तोलले जाते, कारण पंखाखालील हवेचा दाब वरील दाबापेक्षा अधिक असतो. पंखाच्या टोकाशी मात्र खालची हवा कडेवरून वळून वर जाते. पंख पुढे सरकत असल्याने ही वळलेली हवा मागे लांबट भोवऱ्याच्या रूपाने राहते. प्रत्येक टोकामागे एक याप्रमाणे दोन भोवरे तयार होतात. दोन्ही भोवऱ्यांच्या मधल्या भागात, म्हणजे पक्ष्याच्या थेट मागे, हवा खाली ढकलली जाते. भोवऱ्यांच्या बाहेरच्या बाजूस ती वर चढते. हे भोवरे निर्माण करण्यात पक्ष्याची जी ऊर्जा खर्च होते, तिच्यामुळे जाणवणाऱ्या विरोधास प्रेरित ओढ म्हणतात. वजन तोलण्याची ही अटळ किंमत होय. मागील पक्ष्याने आपला पंख पुढच्या पक्ष्याच्या बाहेरील ऊर्ध्वगामी झोतात धरला, तर त्याला वर राहण्यासाठी कमी श्रम पडतात. पुढच्याने खर्च केलेल्या ऊर्जेचा काही अंश तो अशा रीतीने परत मिळवितो. याउलट तो थेट मागे राहिला, तर खाली जाणाऱ्या हवेत सापडून त्याचे श्रम वाढतात. म्हणून सायकलस्वार एकमेकांच्या आडोशाला राहतात तसा हा प्रकार आहे, असे मानणे चुकीचे ठरते. सायकलस्वाराला पुढच्याच्या पाठीमागची जागा फायद्याची असते, तर पक्ष्याला त्याच्या बाजूची.

हा विचार पक्ष्यांच्या रांगेला प्रथम काटेकोरपणे लावण्याचे श्रेय गटिंगेन येथीलच कार्ल व्हीझेल्सबेर्गर यांना दिले जाते. काही स्थलांतरी पक्ष्यांच्या कोनाकृती उड्डाणाची मीमांसा करणारा त्यांचा निबंध १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे माक्स मुंक यांनी विमानांच्या पंखांविषयी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. त्यानुसार पंख परस्परांच्या किती पुढेमागे आहेत यावर सर्वांची मिळून होणारी प्रेरित ओढ अवलंबून नसते. ती त्यांच्या आडव्या व उभ्या अंतरावर अवलंबून असते. यातून एक नवीन कोडे निर्माण झाले. सर्व पक्षी आडव्या सरळ ओळीत उडाले तरी एकूण बचत तेवढीच होत असेल, तर बाणाग्राची आकृती कशासाठी? याचे उत्तर बचतीच्या वाटपात आहे. आडव्या ओळीत मधल्या पक्ष्यांना अधिक लाभ होतो व कडेच्या पक्ष्यांना कमी. द्विभुज आकृतीत हा लाभ अधिक समप्रमाणात वाटला जातो.

एका आकड्याचा इतिहास : पीटर लिसमन व कार्ल शोलेनबर्गर या अमेरिकन वैज्ञानिकांनी १९७० मध्ये सायन्स या साप्ताहिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे हा विषय सर्वतोमुखी झाला. पंचवीस पक्ष्यांचा थवा एकट्या पक्ष्याच्या तुलनेत सु. ७१ टक्के अधिक अंतर जाऊ शकेल, असे त्यांनी गणिताने दाखविले. हा आकडा नंतर असंख्य लोकप्रिय पुस्तकांत व व्याख्यानांत आला आणि सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीसारखा उद्धृत होऊ लागला. सहकार्याचे महत्त्व सांगणाऱ्या बोधपर लेखनात तर तो आजही सर्रास आढळतो. वस्तुतः ते मोजमाप नव्हते. सर्व पक्षी सारखे, पंख न हलविणारे, स्थिर हवेत व आदर्श अंतरावर उडणारे आहेत, असे गृहीत धरून काढलेली ती कमाल मर्यादा होती. हिग्डन व कॉर्सिन यांनी १९७८ मध्ये वेगळ्या गृहीतकांवर केलेल्या गणितातून या लाभाविषयी अधिक सावध निष्कर्ष निघाले.

गणिताची परीक्षा प्रत्यक्ष पक्ष्यांवर घेण्यासाठी प्रथम छायाचित्रणाचा उपयोग करण्यात आला. गूल्ड व हेपनर यांनी १९७४ मध्ये कॅनडा कादंबांच्या रचनांची चित्रे मोजली, तेव्हा दोन भुजांमधील कोन सरासरी ३४ अंशांच्या आसपास भरला. मात्र थव्याथव्यांत तो पुष्कळ बदलत होता. पुढे पंखांच्या टोकांमधील आडव्या अंतराकडे लक्ष वेधले गेले. पंखापासून निघालेले दोन भोवरे मागे जाताना थोडे जवळ येतात व त्यांच्यातील अंतर पंखविस्ताराच्या सु. ७८ टक्के राहते. त्यामुळे सर्वाधिक लाभासाठी मागील पक्ष्याच्या पंखाचे टोक पुढील पक्ष्याच्या टोकाच्या रेषेपासून पंखविस्ताराच्या सु. ११ टक्के आत हवे. दीड मीटर पंखविस्ताराच्या कादंबाला हे अंतर सु. १६ सेंमी. येते. अमेरिकेत हेन्सवर्थ यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत कादंबांचे मध्यवर्ती अंतर या अपेक्षेच्या जवळ आढळले. परंतु वैयक्तिक पक्ष्यांत फरक मोठे होते आणि एकच पक्षी आपली जागा सतत बदलताना दिसला.

ब्रिटनमध्ये कट्स व स्पीकमन यांनी गुलाबी पायांच्या कादंबांच्या ५४ रांगांची चित्रे थेट खालून घेतली, म्हणजे तिरकस दिसण्यामुळे होणारी चूक टळली. त्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्ष्यांनी राखलेल्या सरासरी अंतरावरून प्रेरित ओढीसाठी लागणाऱ्या शक्तीत १४ टक्के बचत होत असावी, असा हिशोब निघाला. शक्य असलेल्या कमाल बचतीच्या एकतृतीयांशाहूनही ही कमी होती. उड्डाणाच्या एकूण शक्तीशी तुलना करता बचत अवघी २·४ टक्के एवढी अल्प असण्याचीही शक्यता त्यांनी दर्शविली. सत्तरच्या घरातील आकड्यापासून दोन-अडीच टक्क्यांपर्यंतचा हा प्रवास विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. गणित चुकले नव्हते. पक्षी त्या गणिताच्या अटी पाळीत नव्हते.

शरीरांतर्गत मोजमापे : चित्रांवरून जागा कळते, श्रम कळत नाहीत. श्रमांचा थेट पुरावा आंरी व्हायमर्सकिर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सेनेगल येथे मोटारबोट व हलके विमान यांच्यामागे उडण्यास शिकविलेल्या पांढऱ्या झोळीवाल्यांच्या हृदयस्पंदनांची त्यांनी नोंद केली. भारतात हिवाळ्यात येणारी हीच जाती होय. रांगेत उडणाऱ्या पक्ष्यांची स्पंदने एकट्याने उडणाऱ्यांपेक्षा ११ ते १४ टक्क्यांनी कमी आढळली. रांगेतील पक्षी पंख न हलविता अधिक वेळ तरंगू शकत होते, हे या बचतीचे एक कारण होते.

तथापि पंख हलविणाऱ्या पक्ष्यामागचा भोवरा सरळ नसतो. पंखाच्या टोकाबरोबर तोही वरखाली नागमोडी होतो. ऊर्ध्वगामी झोताचा पुरा लाभ घ्यायचा, तर केवळ योग्य जागा पुरेशी नाही, पंख हलविण्याची वेळही साधली पाहिजे. पक्ष्यांना ते जमते काय, याविषयी बराच काळ शंका होती. स्टीव्हन पोर्तुगाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यासाठी टकल्या शराटी या पक्ष्याची निवड झाली. मध्य यूरोपातून तो सतराव्या शतकात नाहीसा झाला होता. त्याला पुन्हा वसविण्याच्या प्रयत्नात ऑस्ट्रिया व इटली यांच्या दरम्यानचा स्थलांतराचा मार्ग पिलांना शिकविणे आवश्यक होते, कारण तो दाखविणारे वडीलधारे पक्षी उरलेच नव्हते. हाताने वाढविलेली १४ पिले आपल्या मानवी पालकांच्या हवाई वाहनामागे उडाली. त्यांच्या अंगावरील उपग्रहीय स्थाननिश्चिती उपकरणे व प्रवेगमापक यांनी प्रत्येकाची जागा व पंखांची प्रत्येक फडफड नोंदविली. पक्षी पुढच्याच्या मागे एक मीटरहून थोड्या अधिक अंतरावर, सु. ४५ अंशांच्या तिरप्या जागी राहणे पसंत करीत आणि पुढच्या पंखाच्या टोकाने हवेत आखलेल्या मार्गावरूनच आपल्या पंखाचे टोक नेत. थेट मागे येण्याचा प्रसंग आल्यास ते पंखांची लय उलटी करून खाली जाणाऱ्या हवेचा उपद्रव कमी करीत. गडमुडशिंगीच्या शिवारात दिसणारा काळा शराटी याच कुलातील पक्षी आहे. यावरून या प्रयोगाचा आपल्या परिसराशी असलेला संबंध ध्यानात येईल.

अग्रणीचा प्रश्न : रांगेतील इतरांना लाभ होत असला, तरी सर्वांपुढे असणाऱ्याला तो फारसा होत नाही. मग कोणीही पुढे का राहावे? जीवविज्ञानाच्या दृष्टीने हा कळीचा प्रश्न आहे. कारण एकाच्या श्रमावर दुसऱ्याने जगण्याची मुभा असेल, तर अशी व्यवस्था टिकणे अवघड असते. अग्रणी हा थव्यातील सर्वांत बलवान वा वयस्क नेता असावा, अशी एक समजूत होती. अग्रणी पक्षी इतरांचा नातेवाईक असल्यास त्याचे श्रम कुटुंबाच्या हिताचे ठरतात, असा दुसरा विचार होता. कादंबांत आईबाप व पिले एकत्र स्थलांतर करीत असल्याने त्यांना तो लागू पडू शकतो. बर्नहार्ड फ्योल्कल व सहकारी यांनी शराटींच्या त्याच थव्यातील नोंदींचे विश्लेषण करून २०१५ मध्ये तिसरे उत्तर दिले. प्रत्येक पक्षी सरासरी ३२ टक्के वेळ दुसऱ्याच्या मागील लाभदायक जागेत होता आणि जेवढा वेळ त्याने लाभ घेतला, साधारण तेवढाच वेळ त्याने पुढे राहून दिला. जोडीजोडीने पाहिले असतानाही हा हिशोब बऱ्याच प्रमाणात जुळत होता. जागांची ही अदलाबदल वारंवार व अल्पकाळाने होत असल्याने कोणालाही दीर्घकाळ फुकटचा लाभ घेता येत नाही. आळीपाळीने पुढे होण्याविषयी प्राचीनांनी जे सांगितले होते, त्याला अशा रीतीने संख्यात्मक आधार मिळाला.

ऊर्जेखेरीज इतर कारणे : सर्वच रांगांचे स्पष्टीकरण ऊर्जेच्या बचतीने होते असे नाही. संध्याकाळी काही किलोमीटर अंतर तोडून रातथाऱ्याकडे जाणाऱ्या गायबगळ्याला होणारी बचत हजारो किलोमीटर जाणाऱ्या कादंबाच्या तुलनेत अल्पच असणार. पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने तिरप्या रांगेत प्रत्येकाला शेजारी दिसतो, टक्कर टळते व थवा एकत्र राहतो. रात्री वा धुक्यात करकोचे व कादंब सतत आवाज देत जातात, तेही यासाठीच. वॉर्ड व झहावी यांनी १९७३ मध्ये असा विचार मांडला, की एकत्र रातथारा करणारे पक्षी अन्नाच्या जागांविषयी परस्परांकडून माहिती मिळवितात. सकाळी भुकेला पक्षी आदल्या दिवशी पोट भरलेल्याच्या मागे जातो. बगळ्यांच्या पहाटेच्या रांगा समजून घेताना हा विचार उपयोगी पडतो. ही कारणे परस्परविरोधी नसून एकाच रचनेतून अनेक हेतू साधले जाणे शक्य आहे.

पुंजरचनेत उडणाऱ्या पक्ष्यांची स्थिती निराळी असते. अशरवुड व सहकारी यांनी २०११ मध्ये कबुतरांवर उपकरणे बसवून दाखविले, की दाट थव्यात उडताना त्यांना पंख अधिक वेगाने हलवावे लागतात, म्हणजे त्यांचा खर्च वाढतो. हिंस्र पक्ष्यांपासून संरक्षण मिळत असल्याने तो त्यांना परवडत असावा. हिवाळ्यात महाराष्ट्रातील ज्वारीच्या पट्ट्यात येणाऱ्या भोरड्यांचे प्रचंड थवे याच प्रकारचे होत. अशा थव्यांची एकाएकी वळणारी हालचाल इतकी गूढ वाटत असे, की इंग्रज निरीक्षक एडमंड सेलूस यांनी १९३१ मध्ये पक्ष्यांत विचारसंक्रमण होत असावे, अशी शक्यता मांडली. क्रेग रेनल्ड्‌झ यांनी १९८७ मध्ये संगणकावर दाखविले, की टक्कर टाळणे, शेजाऱ्याची दिशा धरणे व जवळ राहणे या तीन साध्या नियमांनी तसाच थवा निर्माण होतो. रोम येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रत्येक मैना आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवरच लक्ष ठेवते, असे अनुमान काढले. या गटातील जॉर्जो पारीझी यांना पुढे २०२१ मध्ये जटिल प्रणालींवरील कार्याबद्दल भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन वर्गांमधील सीमारेषाही पूर्वी वाटली तेवढी ठाम नाही. समुद्रकाठच्या लहान पाणपक्ष्यांचे थवे वरकरणी विस्कळित दिसले, तरी त्यांतील लगतच्या पक्ष्यांच्या जागा तिरप्या रांगेप्रमाणेच असतात, असे २०१९ मध्ये आढळून आले.

पट्टकादंब आणि हिमालय : पट्टकादंब हा २ ते ३ किग्रॅ. वजनाचा पक्षी मंगोलिया, तिबेट व किर्गिझस्तान येथे प्रजनन करतो व हिवाळ्यात भारतात येतो. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हापासून अशा प्रवासांची विश्वसनीय माहिती मिळू लागली. उपग्रहाद्वारे माग काढता येऊ लागल्यावर या पक्ष्याच्या हिमालय ओलांडण्याच्या मार्गाचे चित्र स्पष्ट झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत कमाल उंची ७,२९० मी. आढळली, मात्र बहुतेक प्रवास त्याहून बराच खालून झाला. २०१५ मधील अभ्यासातून असे दिसले, की विरळ हवेत उंचावर टिकून राहण्यापेक्षा डोंगराच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत जाणे त्यांना कमी श्रमाचे पडते. विरळ हवेत वजन तोलणे अधिक कठीण असल्याने प्रत्येक लहानशी बचत मोलाची ठरते. अशा प्रवासात दोन-चार टक्क्यांचा फरकही पक्षी सुखरूप पोहोचतो की नाही, हे ठरवू शकतो. म्हणून बचतीचा आकडा लहान निघाला, तरी तिचे महत्त्व लहान ठरत नाही.

विमान आणि पक्षी : पक्ष्यांच्या रांगेचे रहस्य विमानविद्येमुळे उलगडले आणि ते ज्ञान आता विमानविद्येकडे परत जात आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००१ मध्ये दोन लढाऊ विमानांवर केलेल्या चाचण्यांत मागील विमानाच्या इंधनात १८ टक्क्यांपर्यंत बचत नोंदविली. नोव्हेंबर २०२१ मध्ये एअरबस कंपनीची दोन मोठी विमाने सु. ३ किमी. अंतर राखून फ्रान्समधील तूलूझहून कॅनडातील माँट्रिऑलला गेली. त्या फेरीत कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन सहा टनांहून अधिक कमी झाले, असे कंपनीने जाहीर केले.

आकाश मात्र दोघांचे एकच आहे. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपरजवळ रोहित पक्ष्यांचा थवा उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या मार्गात येऊन तीसहून अधिक पक्षी मृत्युमुखी पडले. रांगेत उडणाऱ्या पक्ष्यांची शिस्त अशा वेळी त्यांच्या नाशास कारण होते. एक सापडला की त्याच्या मागचेही सापडतात. गडमुडशिंगीच्या शेजारीच उजळाईवाडी येथे कोल्हापूरचा विमानतळ आहे. त्यामुळे विमानतळाभोवतीची पाणथळ जागा, उघडा कचरा व रातथाऱ्याची झाडे यांचा विचार पक्ष्यांच्या रोजच्या मार्गांची नोंद घेऊन करणे आवश्यक ठरते. पक्षी हुसकावून लावण्यापेक्षा ते कोणत्या वेळी, किती उंचीवरून व कोणत्या जागांच्या दरम्यान ये-जा करतात हे जाणणे प्रवासी व पक्षी या दोघांच्याही हिताचे असते. विद्यार्थ्यांना व पक्षिनिरीक्षकांना दुर्बीण व घड्याळ यांच्या साहाय्याने करता येण्यासारखे हे काम आहे. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये व ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर करारान्वये मान्यता मिळाली. परंतु गावोगावच्या लहान तळ्यांना व ओढ्यांना असे संरक्षण नाही आणि रोजच्या रांगा त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

पंक्तिबद्ध उड्डाणाच्या उपपत्तींचा आढावा घेता असे दिसते, की प्राचीनांनी आकृती पाहिली, विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे तत्त्व कळले आणि त्या तत्त्वाची प्रत्यक्ष परीक्षा पक्ष्याच्या पाठीवर बसण्याइतकी लहान उपकरणे तयार झाल्यावर, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी झाली. मधल्या काळात गणिताने काढलेली मर्यादा व निसर्गातील वस्तुस्थिती यांची गल्लत होत राहिली. बगळे, पाणकावळे व काळे शराटी या आपल्याकडील सर्वसामान्य पक्ष्यांच्या रांगांची मोजमापे अशाच काटेकोरपणे झाल्यास या विषयाच्या ज्ञानात मोलाची भर पडेल.